ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नव्हे



सिडकोतील एका भगिनीने आम्हाला विचारले आहे : "सासूबाईंची खालची दाढ आठ दिवस ठणकत होती. त्यांनी रात्र रात्र भिंतीला टेकून बसून काढली. नवव्या दिवशी दुखणे आपोआप थांबले. आता डॉक्टर म्हणतात, रूट कॅनॉल करा नाहीतर दाढ काढा. सासूबाई म्हणतात, दुखतच नाही तर पैसे कशाला घालवायचे? यात खरे काय?" याच अर्थाची विचारणा नाशिकरोडहूनही आली आहे. म्हणून या वेळचे सदर दाढेसाठी.

उत्तर आधी सांगून टाकतो. सासूबाईंची दाढ बरी झालेली नाही, ती बहुधा आतून मेली आहे. जो भाग दुखत होता तोच मेल्यामुळे दुखणे थांबले. पण एवढ्यावर कोणाचे समाधान होणार नाही आणि होऊही नये. दुःखाला कारण असते हे आपण विहारात नेहमी ऐकतो. दाढेच्या दुःखालाही ते आहे, आणि ते समजले की डॉक्टर काय करतात आणि का करतात हेही समजते.

दात म्हणजे हिरडीत रोवलेला दगड नव्हे. वरचे पांढरे कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली पिवळसर डेंटिन असते. डेंटिनच्या पोटात एक पोकळी आणि त्या पोकळीत मऊ गाभा. यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. पुस्तकात त्याला दंतमज्जा म्हणतात, डॉक्टर पल्प म्हणतात, आणि आपल्या घरातल्या बाया सरळ "नस" म्हणतात. हा गाभा दाताच्या मुळातील बारीक नळ्यांतून थेट टोकापर्यंत उतरतो. पुढच्या दाताला साधारणपणे एकच नळी असते, खालच्या दाढेला बहुधा तीन किंवा चार. या नळीचे नाव रूट कॅनॉल. म्हणजे रूट कॅनॉल हे मुळात उपचाराचे नावच नव्हे, ते आपल्या प्रत्येकाच्या दातात जन्मजात आहे. उपचार होतो तो त्या नळीवर.

आता कीड. तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ अन्नावर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने एनॅमल विरघळते. एनॅमलला नस नाही, म्हणून या वेळी काहीच दुखत नाही. काळा ठिपका दिसतो, आपण दुर्लक्ष करतो. कीड डेंटिनपर्यंत पोचली की गार पाणी लागते, गोड चहा लागतो, आणि मिसळ खाताना घास आपोआप दुसऱ्या बाजूला जातो. या टप्प्यावर दात भरून घेतला तर एका बैठकीत आणि थोडक्या पैशांत काम होते. बहुतेक लोक याच टप्प्यावर थांबून राहतात, कारण दुखणे अजून सोसण्यासारखे असते.

पुढे जंतू गाभ्यापर्यंत पोचतात आणि गाभा सुजतो. बोटाला सूज आली तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दाढेत मात्र गाभ्याभोवती सगळीकडून कठीण भिंत आहे. सूज जाणार कुठे? आतला दाब वाढत जातो आणि नसांवर येतो. हाच तो ठणका. आडवे झाले की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसभर कसेबसे कामात गेलेले माणूस रात्री उठून बसते. अशा वेळी कित्येकजण गार पाण्याचा घोट तोंडात धरून पहाट करतात.

काही दिवसांनी गाभ्याचा रक्तपुरवठाच बंद पडतो. गाभा मरतो, नस मरते, ठणका थांबतो. जंतू मात्र जिवंत असतात. मेलेल्या गाभ्यात त्यांची चांगली सोय होते, कारण तिथे आता रक्त नाही, म्हणजे शरीराचे शिपाईही नाहीत आणि औषधही पोचत नाही. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. तिथे महिनोन्महिने गुपचूप पू साठतो. कधी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, परत येते. कधी काहीच दिसत नाही आणि सहा महिन्यांनी एका सकाळी गाल टम्म सुजलेला असतो.

आता गंमत पाहा. ठणका थांबतो त्या दिवशी माणूस काही ना काही उपाय करतच असतो. कोणी अंगारा लावलेला असतो, कोणी दोरा बांधलेला असतो, कोणी दाढेत मिश्री दाबलेली असते. श्रेय त्या उपायाला जाते. "आमच्या आईची दाढ अमक्याने बरी केली" अशी साक्ष मग वीस वर्षे दिली जाते. ती साक्ष खोटी नसते. दुखणे खरोखरच थांबलेले असते. चुकीचा असतो तो त्यातून काढलेला अर्थ.

यातला सर्वांत जुना प्रकार म्हणजे दाढेतला किडा काढणे. "कीड लागली" या शब्दामुळेच अनेकांना वाटते की आत खरोखरच अळी आहे. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने दाढेला धुरी द्यायची आणि पाण्यात पडलेल्या पांढऱ्या अळ्या दाखवायच्या, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असेल. हे आपल्याकडेच होते असे नाही. युरोपातही शेकडो वर्षे खुरासानी ओव्याच्या बियांची अशीच धुरी देत. उष्णतेने बी फुटून आतला पांढरा कोंब बाहेर पडे, तोच किडा म्हणून दाखवला जाई. बाकीच्या ठिकाणी हातचलाखी. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि भिंगाखाली शोधूनही दातात किडा सापडत नाही असे सांगितले. १८९० मध्ये मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकाने तोंडातील जंतू आणि त्यांचे आम्ल यांचा संबंध ग्रंथरूपाने मांडला. पुढे १९६५ साली अमेरिकेत एक फार बोलका प्रयोग झाला. काही उंदीर पूर्णपणे जंतुविरहित जागेत वाढवले, काही नेहमीसारखे. दोन्हींच्या दाढा गाभ्यापर्यंत कोरून तशाच उघड्या ठेवल्या. नेहमीच्या उंदरांचा गाभा सडला. जंतू नसलेल्या उंदरांचा गाभा जगला, इतकेच नव्हे तर त्यावर नवे डेंटिन चढले. दात कोरला म्हणून गाभा सडत नाही, जंतू गेले म्हणून सडतो, हे त्यातून स्पष्ट झाले. आजचा रूट कॅनॉल उपचार या एका गोष्टीवर उभा आहे.

लवंगेबद्दल मात्र आम्ही वाईट बोलणार नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल असते, त्याने नस थोडी बधिर होते, आणि दंतवैद्यही ते वापरतात. रात्र काढायला लवंग चालेल. दाढ बरी करायला चालणार नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवण्याची पद्धत मात्र वाईट आहे. तिने हिरडी भाजते.

आमच्या काही तरुण वाचकांना आजी-आजोबांच्या या उपायांचे हसू येते. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत आहे. ती १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. कसाबसा आला तो बाईला वस्तीबाहेर आणून बसवण्याच्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुस्लिम माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने तिला हातही लावला नाही. ती बाई दगावली. जिथे थर्मामीटरची ही कथा, तिथे आपल्या माणसाच्या तोंडात बोटे घालून दाढ तपासायला कोण बसले होते? रिंगणीची धुरी आणि गल्लीतला चिमटा हा अडाणीपणा होता त्याहून जास्त तो नाइलाज होता. आज तो नाइलाज राहिलेला नाही, आणि तरीही दाढ दुखली की "काढून टाका" हेच पहिले वाक्य आपल्या तोंडी येते. आमचा आक्षेप त्या वाक्याला आहे.

आता प्रत्यक्ष उपचार. प्रथम एक्स-रे काढतात, त्यात मुळे आणि हाडातली सूज दिसते. मग भुलीचे इंजेक्शन. ते लागले की जागा सुन्न होते. "इंजेक्शन देऊनही मला दुखले" अशी तक्रार ऐकू येते आणि ती खोटी नसते. सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे भुलीचे औषध कमी चालते. डॉक्टर मग आणखी औषध देतात किंवा दुसऱ्या जागी टोचतात. दुखले तर हात वर करून सांगावे, लाजू नये. आणि ठणका शिगेला पोचण्याआधी गेलेल्याला हा त्रास कमी होतो, हेही लक्षात ठेवावे.

भूल चढल्यावर दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. थुंकी आत जाऊ नये आणि औषध घशात जाऊ नये म्हणून. सगळे दवाखाने तो लावत नाहीत, पण लावणे चांगले, आणि रुग्णाने विचारायला हरकत नाही. मग दाढेला वरून छिद्र पाडून गाभा काढतात. केसासारख्या बारीक सुयांनी, ज्यांना फाइल म्हणतात, एकेक नळी आतून घासतात आणि वारंवार औषधी पाण्याने धुतात. हे पाणी म्हणजे आपण फरशीला वापरतो त्या ब्लीचच्याच जातीचे, फक्त योग्य प्रमाणातले. धुणे हाच या उपचाराचा जीव आहे. नळीच्या कानाकोपऱ्यात सुई पोचत नाही, पाणी पोचते. पू फार असेल तर आत औषध ठेवून वरून तात्पुरते बुजवतात आणि आठवड्याने बोलावतात. म्हणून कोणाचे काम एका बैठकीत होते, कोणाला तीन लागतात. जास्त बैठका म्हणजे डॉक्टर पैसे काढतो, असा अर्थ लगेच काढू नये.

नळ्या स्वच्छ झाल्या की त्या गट्टापर्चा नावाच्या गुलाबी पदार्थाने भरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकल्या तेव्हा त्यांच्यावर याचेच वेष्टण होते. समुद्राचे पाणी आत शिरू न देणारी वस्तू दाढेत थुंकी शिरू देणार नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

येथे बरेच लोक घर सोडतात. दुखणे गेले, नळ्या भरल्या, कॅपचे पुढे बघू, असे म्हणून दवाखान्याकडे फिरकत नाहीत. ही महागडी चूक आहे. कीड आणि छिद्र यांमुळे दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. एखाद्या दिवशी सुपारी किंवा हाडूक चावताना ती उभी दुभंगते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून इलाज नाही. आधीचे सगळे पैसे पाण्यात. म्हणून सुरुवातीलाच विचारावे : कॅपसह एकूण खर्च किती? धातूची कॅप दिसायला काळपट, पण मागच्या दाढेला कोण पाहतो? ती टिकाऊ आणि स्वस्त पडते. दिखाऊ कॅपसाठी कर्ज काढण्याची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दाढ काढूच नये असे आम्ही म्हणत नाही. मूळ चिरले असेल, हिरडीच्या रोगाने दाढ हलत असेल, कॅप बसवायला वर काही उरलेच नसेल, किंवा वेडीवाकडी अक्कलदाढ असेल, तर काढणेच बरे. पण धडधाकट मुळाची दाढ केवळ स्वस्त पडते म्हणून काढली तर हिशेब नंतर वाढतो. शेजारचे दात त्या खिंडीत कलंडतात, समोरची दाढ खाली उतरू लागते, भाकरी एकाच बाजूने चावली जाते. पुढे ब्रिज किंवा इम्प्लांट बसवायचा म्हटले तर तो रूट कॅनॉलहून महाग.

खर्चाचे बोलायलाच हवे. खासगी दवाखान्यात दाढेचे रूट कॅनॉल आणि कॅप मिळून काही हजार रुपये लागतात, आणि रोजंदारीच्या घराला तो मोठा आकडा आहे. नाशिककरांना एक चांगला मार्ग आहे. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. दर साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात, वेळ मात्र जास्त जातो, खेपाही जास्त होतात. "शिकाऊ पोरे" म्हणून नाक मुरडू नये. प्रत्येक पायरी शिक्षकाला दाखवून मगच पुढे जायचे, असे तिथे चालते, आणि एकट्या घाईच्या दवाखान्यात ते होईलच असे नाही. त्र्यंबक रस्त्यावरील सिव्हिल हॉस्पिटलमध्येही दात दाखवता येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांनी ईएसआयचे कार्ड असल्यास आधी तिकडे चौकशी करावी. कार्ड खिशात असून खासगीत पैसे भरणारे कामगार आमच्या पाहण्यात आहेत. कुठेही जा, दवाखान्यात नोंदणी प्रमाणपत्र लावलेले आहे का ते पाहा. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून नोंदणी सक्तीची आहे.

मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकलणाऱ्यांसाठी दोन शब्द. प्रतिजैविक गोळी रक्तातून जाते. मेलेल्या गाभ्यात रक्तच नाही, तर ती पोचणार कशी? ताप किंवा पसरणारी सूज नसेल तर नुसत्या दाढदुखीला प्रतिजैविके देऊ नयेत, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. दुखणे मारणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड यांना त्रास होतो, विशेषतः वयस्कर माणसांना. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले ते आपण जाणतो, आणि आज तो घराघरात आहे. मधुमेही माणसाचे तोंडातले दुखणे लवकर चिघळते, आणि चिघळलेल्या दुखण्याने साखरही आटोक्यात राहत नाही. अशांनी तर अजिबात थांबू नये. साखर तपासून रूट कॅनॉल करता येते. गरोदर भगिनींनाही मधल्या तीन महिन्यांत उपचार निर्धास्त घेता येतात, आणि ठणका किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात डॉक्टरांना दाखवावे.

"रूट कॅनॉलने कॅन्सर होतो" असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. याची मुळे जुनी आहेत. १९१० साली हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने कॅनडात भाषण करून अनेक रोगांचे खापर तोंडातल्या घाणीवर फोडले. त्यानंतर अमेरिकेत काहींनी रूट कॅनॉल केलेल्या दातांवरच आरोप ठेवला आणि दोन-तीन दशके लोकांचे चांगले दात उपटले गेले. नंतरच्या संशोधनात तो आरोप टिकला नाही. अफवा मात्र टिकली.

मुलांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागेसाठी आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून आई-बापांना ती दुधाचीच वाटते आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून दिली जाते. ती पडणार नसते. ती कायमची, आयुष्यभर पुरवायची दाढ आहे. आज रात्री मुलाला उजेडात बसवून दोन्ही जबड्यांत मागे पाहावे. काळा ठिपका दिसला तर भरून घ्यावा, म्हणजे रूट कॅनॉलपर्यंत गोष्ट जाणारच नाही.

मिश्रीविषयी वेगळा लेख लिहावा लागेल. कित्येक माता-भगिनींची मिश्री दाढदुखीच्या एका रात्रीत सुरू झालेली आहे. दाढ गेली, मिश्री राहिली. पंचशीलात तंबाखूचे नाव नाही, अशी पळवाट एका उपासकाने आम्हाला सांगितली होती. ब्रशचे नावही पंचशीलात नाही, पण विनयात दंतकाष्ठ आहे. चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दात घासण्याची काडी वापरण्याची अनुज्ञा दिली, काडी न वापरल्यास तोंडाला दुर्गंधी येते, अन्नाला चव लागत नाही असे पाच तोटे सांगितले, आणि काडीची लांबीही ठरवून दिली : चार बोटांहून आखूड नको, आठ बोटांहून लांब नको. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत राहिलेल्या भिक्खूंची सकाळही अशाच काडीने सुरू होत असेल. आजच्या माणसाने सकाळी आणि झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करावा. त्यातही झोपताना करायचा तो चुकवू नये.

उपचारानंतर दोन-चार दिवस चावताना दुखरे वाटते, ते कमी होत जाते. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कठीण चावू नये. मात्र दुखणे वाढत गेले, सूज गळ्याकडे उतरू लागली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला जड जाऊ लागले, तर मग तो दाढेचा प्रश्न राहत नाही. पू मानेत उतरून जीव जाऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, रात्री कितीही वाजले असले तरी, सिव्हिलच्या अपघात विभागात जावे.